बंड्या ४५ दिवस माझ्याकडेच राहणार आहे

प्रिय आई-बाबा,

सा. न. वि. वि.

फोनवर सांगायला गेले की आईचा गळा दाटतो आणि बाबा फोन तिच्या हातात देऊन गॅलरीत निघून जातात. म्हणून लिहितेय. दोघांनी एकत्र बसून वाचा. बाबा, चष्मा शोधून आणा आधी.

रविवारी आपल्या पोपटाला, बंड्याला, नेताना मी "दोन दिवसांत आणून देते" म्हणाले होते. ते खरं नव्हतं, आणि ते माझ्या मनाला लागून राहिलंय. टॉवेलमध्ये त्याला उचललं तेव्हाच त्याच्या छातीचं मधलं हाड बोटाला टोचलं होतं. तिथे दोन्ही बाजूंना भरलेलं मांस असायला हवं. हे दोन दिवसांचं काम नाही हे मला तिथेच कळलं, पण तुम्ही दोघं दारात उभे होतात आणि आई त्याला "लवकर ये रे" म्हणत होती. मला नाही सांगवलं.

तर, बंड्या ४५ दिवस माझ्याकडे राहील. तुम्हाला न विचारता ठरवलं, त्याबद्दल रागवा, पण ठरलंय. त्याच्या डोळ्याचे, घशाचे आणि शीच्या जागेचे स्वॅब घेतले होते, त्यांचा निकाल काल आला. सिटॅकोसिस नावाचा जंतुसंसर्ग आहे. आई, घाबरू नकोस, याला औषध आहे आणि ते सुरू झालंय. डॉक्सिसायक्लिन. ४५ दिवसांचा आकडा माझा नाही, डॉक्टरांचा आहे. मध्येच सोडलं तर जंतू पुन्हा डोकं वर काढतात, आणि पक्षी वरून ठणठणीत दिसत असतानाही ते पसरवत राहू शकतो. म्हणून "आता बरा दिसतोय, दे आणून" असं दहाव्या दिवशी म्हणू नका. म्हणाल, मला माहीत आहे.

बाबा, तुम्ही म्हणालात की म्हातारा झालाय, झोपणारच. कॉकटील जातीचा पोपट नीट सांभाळला तर पंधरा-वीस वर्षं जगतो आणि आपला अकराचा आहे. वय झालेला पक्षी थोडा जास्त झोपेलही. पण आठवून बघा, बंड्या नेहमी झोपायचा कसा? एक पाय पोटाच्या पिसांत ओढून, मान मागे वळवून. गेले काही दिवस तो दोन्ही पाय दांडीवर टेकवून, सगळी पिसं फुगवून भरदिवसा बसून होता. आंघोळीनंतर किंवा झोपताना थोडा वेळ पिसं फुगवणं वेगळं. तासन्‌तास तसं बसायचं म्हणजे अंगातली ऊब टिकवायला त्याला कष्ट पडतायत. आणि शेपूट. रविवारी मी पिंजऱ्यासमोर गप्प बसून फक्त शेपूट बघत होते ना, तेव्हा तुम्ही विचारलंत काय बघतेस. प्रत्येक श्वासाबरोबर ती वर-खाली होत होती. उडून दमला असता तर समजू शकले असते, तो तर सकाळपासून जागचा हलला नव्हता. शांत बसलेल्या पक्ष्याची शेपूट अशी हलायला लागली की त्याला श्वास ओढून घ्यावा लागतोय असं समजायचं आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठायचे. तोंड उघडून श्वास घेत असेल किंवा पिंजऱ्याच्या तळाशी जाऊन बसला असेल, तर त्याच तासाला.

आई, तुझ्या वाटीबद्दल. तू म्हणतेस वाटी भरलेली असते, म्हणजे पोट भरून उरतंय. तुझा काही दोष नाही, माझीही अशीच फसगत झाली असती. तो दाणा सोलून टरफल तिथेच टाकतो, त्यामुळे रिकामी वाटीही भरलेली दिसते. हलकी फुंकर मारली की टरफलं उडतात आणि खरं किती उरलंय ते कळतं. शिवाय आजारी पक्षी नुसता दाणे चिवडत बसतो, चोच हलताना दिसते, पण पोटात काही जात नाही. त्यांची जातच अशी. रानात जो आजारी दिसला तो आधी शिकाऱ्याच्या तोंडी जातो, म्हणून शेवटपर्यंत काही झालंच नाही असं दाखवत राहतात. आपल्याला दिसतं तेव्हा आजार बराच पुढे गेलेला असतो. तू दिवसभर त्याच्याजवळ असूनही तुला कळलं नाही, त्याचं कारण हे आहे. तू लक्ष दिलं नाहीस असं कोणी म्हणालं नाही आणि कोणी म्हणू नये. दादा काही बोलला असेल तर माझ्याशी बोलायला सांग.

लक्ष दिलं नाही ते मी. महिन्यापूर्वी तू मला त्याच्या ट्रेमधल्या कागदाचा फोटो पाठवला होतास, "रंग बघ गं, बरोबर आहे का?" म्हणून. मी मीटिंगमध्ये होते. न बघता अंगठा पाठवला. काल रात्री तो फोटो मोठा करून पाहिला. पोपटाच्या शीत तीन भाग असतात. घट्ट हिरवट किंवा तपकिरी भाग असतो, त्याला लागून पांढरा, आणि भोवती पाण्यासारखी लघवी. हिरव्याची चिंता नसते. पांढरा मात्र पांढराच हवा. त्या फोटोत तो पिवळट-हिरवा आहे, म्हणजे तेव्हाच यकृतावर ताण आला असणार. तुला शंका आली होती, आई. तू बरोबर होतीस. आणि मी अंगठा पाठवला.

फोनवरसुद्धा. माझा फोन वाजला की तो रिंगची शीळ घालायचा, आणि तू "थांब रे, बोलू दे" म्हणायचीस. गेले कित्येक दिवस तू ते म्हणाली नाहीस, आणि मला ते जाणवलंच नाही. लहानपणी मला ताप येणार हे तुला थर्मामीटरच्या आधी कळायचं. "आज हिची बडबड का थांबली?" म्हणून कपाळावर हात ठेवायचीस. रात्रभर एक हात माझ्या पोटावर ठेवून झोपायचीस, मी कूस बदलली तरी जाग यायची तुला. परवा मी बंड्याच्या खोलीत गादी टाकून झोपले. दर तासाला उठून टॉर्चच्या उजेडात त्याची शेपूट बघत होते, आणि तुझी फार आठवण आली.

मोत्याच्या वेळी आपण "उद्या बघू" म्हणालो होतो. पुढे लिहीत नाही.

आता तो इथे कसा आहे ते सांगते, कारण तुला तेच ऐकायचंय. त्याला वेगळी खोली दिली आहे. छोटी दारातूनच हात हलवते, आत येत नाही, आणि मी आत जाताना मास्क लावते, बाहेर येऊन साबणाने हात धुते. तेव्हा आमची काळजी नको. पिंजऱ्याच्या एका बाजूला गरम दिवा लावलाय आणि २९-३० अंशांवर ठेवलाय, दुसरी बाजू गार, म्हणजे नको वाटलं तर त्याला सरकता येतं. फार उकडलं तर ते धापा टाकतात आणि पंख अंगापासून दूर धरतात, ते मी बघत असते. दांडी खाली घेतली, पडला तर लागू नये म्हणून. तळाला टॉवेल, वर साधा पांढरा कागद, रंग नीट दिसावा म्हणून. रात्री तुझ्या जुन्या साडीचंच झाकण घालते, एक कोपरा उघडा ठेवून, आणि छोटा दिवा चालू असतो. अंधारात दचकून तो कसा फडफडतो ते मी विसरलेले नाही. नॉनस्टिकची सगळी भांडी काढून माळ्यावर टाकली. ती जास्त तापली तर त्या धुराने पक्षी काही मिनिटांत दगावतात. तुमच्याकडचा तो तवाही काढून टाका, बंड्या यायच्या आधी.

रोज सकाळी खाण्याआधी त्याला स्वयंपाकघरातल्या छोट्या काट्यावर ठेवते. मागच्या वर्षीच्या तपासणीत ९२ ग्रॅम होता, रविवारी ७६ भरला. इतक्या लहान जिवाचं दहा टक्के वजन गेलं तरी ती मोठी गोष्ट असते, याचं त्याहून जास्त गेलं होतं. पिसांमुळे आपल्याला कळत नाही. आज ७९ आहे.

औषध तुमच्याकडे का देता आलं नसतं, असं बाबा विचारतील. दोन वेळा, सिरिंजने, चोचीच्या कडेने थेंब थेंब घालायचं असतं. जोरात घातलं तर श्वासनलिकेत जातं. टॉवेलमध्ये धरताना छाती दाबायची नाही, कारण पक्ष्यांना आपल्यासारखा पोट आणि छातीमधला पडदा नसतो, छातीचा पिंजरा हलला नाही तर श्वासच थांबतो. एकाने धरायचं, एकाने औषध द्यायचं. तुझा हात थरथरतो म्हणून मी हे म्हणत नाहीये, आई, मला स्वतःला पहिल्या दिवशी जमलं नव्हतं. पाण्यात मिसळून देता येईल असं तू सुचवलंस, पण आजारी पक्षी पाणीच कमी पितो, मग औषध किती गेलं ते कळायचं कसं? आणि समुद्रफेणीचा तुकडा मी मुद्दाम काढलाय, कॅल्शियममुळे हे औषध अंगी लागत नाही. कोर्स संपला की परत लावेन, त्याला तो किती आवडतो ते माहीत आहे. बाबांच्या खोकल्याच्या औषधाचा थेंब देऊ का, असं तू विचारलं होतंस. नाही दिलास ना? माणसांचं औषध त्याला कधीच द्यायचं नाही.

आता जे लिहायला मी इतका वेळ लावला ते.

बाबा, तुमचा खोकला. हा आजार पोपटाकडून माणसाला होऊ शकतो. शी वाळली की तिची धूळ हवेत उडते, ती श्वासातून आत जाते. ताप, डोकेदुखी, अंगदुखी, कोरडा खोकला. तुम्ही "सीझनचा आहे" म्हणताय त्याला तीन आठवडे झाले, आणि रात्री घाम येतो हे मला तुम्ही सांगितलं नाहीत, आईने सांगितलं. तो साधा खोकलाही असेल. असूच दे. पण डॉक्टरांना "घरात पोपट आहे आणि त्याला सिटॅकोसिस निघालाय" हे वाक्य तुम्ही स्वतःहून सांगायचं, कारण सांगितल्याशिवाय हे कोणाच्या लक्षात येत नाही. बंड्याच्या तपासणीचा कागद दादाकडे पाठवलाय, तो सोबत न्या. तुम्हाला इतिहास आवडतो म्हणून सांगते, १९२९-३० मध्ये दक्षिण अमेरिकेतून आणलेल्या पोपटांमुळे याची साथ युरोप-अमेरिकेत पसरली होती, आणि माणसं दगावलीही होती. तेव्हा अँटिबायोटिक नव्हती. आता आहेत, वेळेत घेतली तर माणसं बरी होतात. म्हणूनच वेळ काढायचा नाही. मंगळवारी साडेदहाची वेळ घेतली आहे. दादा दहाला येईल, तयार होऊन बसा, पेपर नंतर वाचा. आई, तूही जायचंस. तुला काही होत नाही हे मी ऐकणार नाही. ट्रे रोज तूच झाडत होतीस.

आणि यापुढे कोरडं झाडायचं नाही. रिकामा पिंजरा तसाच राहू दे, शनिवारी येऊन मी धुणार आहे. फारच डोळ्यांत खुपला तर हात लावू नकोस, फक्त गॅलरीचं दार लावून घे. सोबतीला दुसरा पक्षी आणू का, असं बाबांच्या मनात आहे हे मला दादाने सांगितलं. नको. आत्ता अजिबात नको.

बंड्याला कोणी टाकून दिलेलं नाही आणि तुमच्यापासून तोडलेलंही नाही. रोज संध्याकाळी आठला व्हिडिओ कॉल करेन, तेव्हा तो जागा असतो. आई, तू त्याच्याशी नेहमीसारखंच बोल. काल फोन पिंजऱ्याजवळ धरला होता तेव्हा तू रडत होतीस आणि बोललीच नाहीस. तो मान तिरकी करून वाट बघत होता. नंतर रात्री अकराला मी डोकावले तर साडीच्या उघड्या कोपऱ्यातून दिसला, एक पाय वर घेऊन झोपलेला. पाच दिवसांत पहिल्यांदा. फोटो काढायला गेले तर जागा झाला, म्हणून फोटो नाही.

मंगळवारी दवाखान्यातून निघालात की लगेच फोन करा. बाबांनीच करायचा, आईने नाही.

तुमची,
ताई

ता. क. आई, गॅलरीतला त्याचा पिंजरा रिकामा दिसतो म्हणून तो हलवून तिथे कुंडी ठेवू नकोस. ती त्याची जागा आहे.