निकालाआधीच कागद जमवा

महोदय,

मुलांच्या क्लासची फी पालक वेळेवर भरतात. राखीव जागेवरच्या प्रवेशासाठी लागणारी जात पडताळणी, म्हणजे जातीच्या दाखल्याची सरकारी तपासणी, मात्र निकालानंतर आठवते. विज्ञान शाखेच्या मुलांनी हा अर्ज बारावीच्या वर्षातच महाविद्यालयामार्फत द्यावा. घोडे अडते ते जुन्या पुराव्यापाशी. इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीची, अनुसूचित जातीसाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीची नोंद पाहिली जाते. आजोबांच्या शाळेचा निर्गम उतारा (शाळेच्या नोंदवहीतील नोंदीची प्रत) काढायला अक्कलकोट, मंगळवेढ्याकडच्या गावी खेटे घालणे हे वडिलांचे काम, सीईटीच्या अभ्यासात बुडालेल्या मुलाचे नव्हे. आडनाव सगळ्या कागदांवर सारखे आहे ना, तेही तेव्हाच पाहावे. नॉन-क्रिमिलेयर दाखल्याची (कुटुंब उन्नत गटात नसल्याचा दाखला) मुदत ३१ मार्चला संपते, त्यामुळे जपून ठेवलेला दाखला जूनमध्ये बाद निघू शकतो.

अभियांत्रिकी प्रवेशाच्या पसंतीक्रमात पहिले महाविद्यालय विचार करूनच भरावे. पहिल्या फेरीत तेच मिळाले की जागा आपोआप पक्की होते, पुढच्या फेरीची वाट बंद. शेजाऱ्यांचा सल्ला इथे महागात पडतो! आणि अर्जात मोबाइल नंबर घरचाच द्या. नेट कॅफेवाल्याचा दिला तर ओटीपीही त्याच्याकडेच जातो.

– एक वाचक, सोलापूर