ईसीएमचा नंबर शेवटी

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र वाचलं. गाडी सेल्फ मारते पण चालू होत नाही, बिघाडाचे कोड वाचणारा स्कॅनर लावला तर संपर्कच होत नाही, आणि अर्ध्या तासाने जणू काही झालंच नव्हतं अशा थाटात पहिल्या चावीला सुरू होते. मेकॅनिकने ‘ईसीएम गेला’, म्हणजे इंजिन चालवणारा कॉम्प्युटरच गेला, म्हणून निकाल दिला आणि तू नवा मागवायच्या बेतात आहेस. अरे, थांब जरा! ईसीएम हा गाडीतल्या महागड्या डब्यांपैकी एक, आणि बाकी काही सुचलं नाही की सगळ्यात आधी नाव त्याचंच घेतात. माझा अनुभव उलटा आहे. ईसीएम जातो, पण क्वचित. आणि गेलाच, तर बहुतेक वेळा त्याला बाहेरच्या कुणीतरी घालवलेलं असतं.

तुझ्या पत्रातलं एक वाक्य मला सगळ्यात मोलाचं वाटलं, जे तू सहज लिहून गेलास: त्या वेळी चेक इंजिनचा दिवाही लागत नाही. चावी ऑन केली की तो दिवा लागलाच पाहिजे. तो लागत नाही आणि स्कॅनरही बोलत नाही, म्हणजे ईसीएम त्या क्षणी जागाच झालेला नाही. का झाला नाही? त्याला करंट मिळत नसेल, अर्थ (करंटची बॅटरीच्या निगेटिव्हकडे परतीची वाट) मिळत नसेल, सेन्सरना देण्याची त्याची पाच व्होल्टची लाईन कुणीतरी खाली ओढत असेल, किंवा तो खरोखर मेला असेल. चारपैकी तीन कारणं डब्याच्या बाहेर आहेत बघ.

करंटपासून सुरुवात कर. ईसीएमला बॅटरीचा एक कायमचा सप्लाय असतो आणि दुसरा चावी फिरवल्यावर मेन रिलेमार्गे, म्हणजे विजेवर चालणाऱ्या एका स्विचमार्गे येतो. त्या रिलेच्या आतलं सोल्डर तडकलं किंवा कॉन्टॅक्ट जळाले, की गरम झाल्यावर तो दगा देतो आणि गार झाला की पुन्हा सरळ. तुझ्या त्या अर्ध्या तासात मला हाच वास येतोय. फ्यूज बॉक्समध्ये त्याच नंबरचा दुसरा रिले असेल तर अदलाबदल करून बघ.

सप्लाय तपासताना नुसत्या मल्टिमीटरवर विसंबू नकोस. वायरचा एकच तंतू धरून असला तरी मीटर बारा व्होल्ट दाखवतो, कारण मीटर स्वतः करंट जवळजवळ ओढतच नाही. ईसीएमचा कप्लर (वायरींचा प्लग) काढ, सप्लायची पिन आणि अर्थची पिन यांच्यामध्ये २१ वॉटचा बल्ब लाव. लख्ख पेटला तर वायर धड, मिणमिणला तर तिथेच घोळ आहे. पण हा बल्ब फक्त सप्लाय आणि अर्थच्या पिनांवर. सेन्सरच्या वायरवर लावलास तर आज जो ईसीएम बरा आहे, तो उद्या जाऊ शकतो. आणि कप्लरच्या भोकात जाड टोकाची सुई खुपसू नकोस. आतली पिन पसरते आणि नवा लूज कॉन्टॅक्ट तयार होतो. असा हाताने घातलेला बिघाड शोधताना मी भल्याभल्यांना घाम फुटलेला पाहिला आहे.

अर्थ बघायचा तर इंजिन फिरत असताना बघ. सगळे कप्लर परत बसव, मीटरची एक वायर ईसीएमच्या अर्थच्या पिनवर मागच्या बाजूने टेकव, दुसरी बॅटरीच्या निगेटिव्हवर, आणि कुणाला तरी सेल्फ मारायला सांग. ०.१ व्होल्टच्या आत असेल तर उत्तम. अर्धा व्होल्ट दिसला तर अर्थचा बोल्ट शोध, खाली गंज किंवा रंग असेल.

पाच व्होल्टचा प्रकार सगळ्यात फसवा. ईसीएम स्वतः पाच व्होल्ट तयार करून थ्रॉटल, मॅनिफोल्ड प्रेशर, एसी गॅस प्रेशर अशा सेन्सरना वाटतो. त्यातला एक आतून शॉर्ट झाला, किंवा एखादी वायर ब्रॅकेटला घासून उघडी पडली, की सगळी लाईन कोसळते. कधी या लाईनचं व्होल्टेज कमी असल्याचा पी०६४२ कोड येतो, काही गाड्यांत तर ईसीएम पार मुका होतो. कुठल्याही एका सेन्सरच्या कप्लरवर पाच व्होल्ट येतात का बघ. नसतील तर सेन्सर एकेक करून काढत जा. ज्याचा कप्लर निघाल्याबरोबर पाच व्होल्ट उसळून येतात, तो चोर. सगळे काढूनही आले नाहीत तर हार्नेस, म्हणजे वायरींचा जुडगा तपास. एसीच्या सेन्सरवर कुणी संशय घेत नाही, इंजिन चालू होण्याशी त्याचा काय संबंध म्हणून. तू घे.

आणखी एक सोपी परीक्षा. बॅटरी सोडवून ठेव आणि स्कॅनरच्या सोळा पिनी सॉकेटमध्ये ६ आणि १४ या पिनांमधला रेझिस्टन्स मोज. कॅन लाईन (गाडीतले डबे जिच्यावरून एकमेकांशी बोलतात ती वायरींची जोडी) तिथे आणलेली असेल तर साधारण ६० ओहम दिसायला हवा, कारण लाईनच्या दोन टोकांना १२० ओहमचे दोन रेझिस्टर असतात. १२० दिसला तर एक टोक तुटलंय. पुष्कळ गाड्यांत त्यातलं एक टोक ईसीएमच्या पोटातच असतं.

आता म्हणशील, मग ईसीएम कधी जातच नाही का? जातो की! माझ्याच गाडीचा गेला होता. तिसरा सिलिंडर मिसिंग करत होता, कोड पी०३०३ (तिसऱ्याचं मिसिंग) आणि पी०३५३ (तिसऱ्या कॉइलचं सर्किट). सगळे म्हणाले, ठिणगी पाडणारी ती कॉइल दुसऱ्या सिलिंडरला लावून बघ. माझ्या गाडीच्या कॉइल दोन पिनांच्या, म्हणजे ईसीएम त्यांना थेट चालवतो. म्हणून आधी मीटर लावला. बाकी तिन्हींचा प्रायमरी रेझिस्टन्स सारखा, या बयेचा जवळजवळ शून्य. ती दुसरीकडे लावली असती तर तिथलाही ड्रायव्हर (ईसीएममधला कॉइल चालवणारा भाग) जाळून मोकळी झाली असती. नवी कॉइल घातली, मिसिंग तसंच. ईसीएमपासून कॉइलपर्यंतची वायर शाबूत, कुठे अर्थ झालेली नाही. मग व्होल्टेजचा आलेख दाखवणारा ऑसिलोस्कोप लावला: तीन वायरींवर सुरेख पल्स, तिसरीवर सपाट रेघ. तेव्हा कुठे मी ‘ईसीएम गेला’ हे शब्द तोंडातून काढले.

डबा उघडला. झाकणाच्या कडेचा सिलिकॉन गरम हवेने मऊ करून पातं फिरवलं. आत बोर्डवर लाखेसारखा पारदर्शक थर, आणि कडेला ओळीने चार ड्रायव्हर. तिसऱ्याच्या पाठीवर मोहरीएवढा खड्डा, भोवती तपकिरी डाग. बाकी बोर्ड नवा कोरा. डोकं शाबूत, एक हात लुळा. म्हणून मी त्याच नंबरचा जुना ईसीएम मिळवला आणि माझ्या ईसीएममधला सगळा डेटा वाचून त्यात उतरवला. गाडीला पत्ताही लागला नाही की डबा बदललाय.

हे डेटा उतरवणं लक्षात ठेव, कारण ईसीएम म्हणजे काढला-लावला असा बल्ब नव्हे. इमोबिलायझरची, म्हणजे चोरी रोखणाऱ्या यंत्रणेची खूण चावीच्या चिपशी जुळलेली असते. दुसऱ्या गाडीचा ईसीएम नुसता लावलास तर इंजिन क्षणभर चालून बंद पडेल नाहीतर चालूच होणार नाही, आणि हाही खराब निघाला म्हणून लोक तो परत पाठवतात. वेळ आलीच तर स्टिकरवरचे हार्डवेअर आणि सॉफ्टवेअर दोन्ही नंबर जुळव, नुसता कप्लर बसतो म्हणून घेऊ नकोस. चासी नंबर आणि चाव्या जोडायला योग्य टूल असलेला माणूस गाठ. सॉफ्टवेअर भरणं चालू असताना व्होल्टेज स्थिर ठेवणारा सप्लाय बॅटरीला लावलेला हवा. मध्येच व्होल्टेज पडलं तर अर्धवट लिहिलेला डबा हातात राहतो. पेट्रोल गाडीत नंतर ईसीएमला थ्रॉटलची स्थिती पुन्हा शिकवून घे, डिझेल असेल तर बहुतेकदा इंजेक्टरवरचे कोड भरावे लागतात. काढण्याआधी निगेटिव्ह सोडवून थोडा वेळ थांबायचं, हे तुला सांगायला नकोच.

आणि हो, बॅटरी ढेपाळलेली असताना आलेल्या कोडवर विश्वास ठेवू नकोस. ईसीएमच आतून बिघडल्याचं सांगणाऱ्या पी०६०६ वर सुद्धा. आधी बॅटरी भर, कोड पूस, मग पुन्हा काय येतं ते बघ.

गाडी चालू व्हायला नकार देत असतानाच ही सगळी मोजमापं घे, नीट चालू होत असताना घेऊन काही कळणार नाही. रिलेने काम झालं तर एका ओळीत कळव. नाही झालं तर अर्थचा आकडा, पाच व्होल्टचा आकडा आणि ६-१४ चा ओहम एवढं लिहून पाठव, आणि ईसीएमच्या कप्लरचा जवळून फोटो. पिनांवर हिरवा गंज आहे का ते मला बघायचंय. तोवर ऑर्डर देऊ नकोस.

तुझाच,
जुना दोस्त