सोसायटीच्या ई-मेलचा ताबा कोणाकडे?

संपादक महोदय,

गृहनिर्माण संस्थेची समिती बदलली की सचिव इतिवृत्ते, शिक्का, चेकबुक, सभासद नोंदवही सह्या घेऊन सोपवतात. संस्थेच्या जीमेल खात्याचा पासवर्ड मात्र व्हॉट्सॲपवर येतो, आणि तो अध्यक्ष, खजिनदार, मॅनेजर सगळ्यांकडे असतो. त्याच खात्यात भाडेकरूंचे करार, आधार-पॅनच्या प्रती, थकबाकीची पत्रे पडलेली असतात. एखादे पत्र पुसले गेले तर कोणी पुसले हे शोधणे अवघड, कारण सगळे एकाच नावाने आत शिरतात.

नवी समिती फार तर पासवर्ड बदलते. तेवढ्याने भागत नाही. जुन्या सचिवांनी पत्रे आपल्या खासगी पत्त्यावर आपोआप जातील अशी सोय करून ठेवली असेल, तर ती पासवर्ड बदलल्यावरही सुरूच राहते. ती फॉरवर्डिंगच्या रकान्यात दिसते, पण एखाद्या फिल्टरमध्येही (आलेली पत्रे आपोआप हाताळणाऱ्या नियमात) दडलेली असू शकते. म्हणून सगळे फिल्टर उघडून पाहावेत. त्याआधी रिकव्हरीचा, म्हणजे पासवर्ड विसरल्यास खाते परत मिळवण्यासाठी दिलेला, मोबाइल नंबर आणि ई-मेल बदलावा. पुढे आठवडाभर गुगल जुन्या नंबरावरही कोड पाठवू शकते, तेवढे दिवस लक्ष ठेवावे. मग पासवर्ड बदलून गुगल खात्याच्या सुरक्षा विभागातील उपकरणांच्या यादीतून अनोळखी फोन आणि संगणक साइन आउट करावेत. फोन हाताशी नसताना लॉगिनसाठी वापरायचे बॅकअप कोड नव्याने काढले की जुने रद्द होतात.

खरे तर पासवर्ड वाटण्याची गरजच नाही. जीमेलमध्ये आपल्या खात्याचा वापर १० जणांपर्यंत इतरांना सोपवता येतो. संगणकावर सेटिंग्जमधील खात्यांच्या टॅबमध्ये ही सोय आहे. निमंत्रण स्वीकारलेली व्यक्ती स्वतःच्याच लॉगिनने संस्थेची पत्रे वाचते, पाठवते, पुसूही शकते, पण पासवर्ड बदलू शकत नाही. पद सुटले की तिचे नाव काढायचे. शिवाय संस्थेचे खाते मॅनेजरच्या फोनमध्ये घातल्यावर त्याचे संपर्क आणि फोटो संस्थेच्या खात्यात साठू शकतात. तो घोळही टळतो. त्यात बिचाऱ्या मॅनेजरच्या घरचे फोटो समितीला दिसणे हे त्याच्यावरही अन्यायाचे आहे.

भाडेकरूंकडून आधारची प्रत घेताना शेवटचे ४ अंकच दिसणारी मास्क्ड प्रत मागावी.

सहकार खात्याला विनंती, की दप्तर हस्तांतराच्या यादीत ई-मेल खाते, त्याचा रिकव्हरी नंबर आणि प्रवेश असलेल्यांची नावे यांचा रकाना घालावा.

एक वाचक, ठाणे