तुझ्या पांढऱ्या पाड्याबद्दल

प्रिय दत्ता,

फोनवर तू पाड्याबद्दल विचारलंस "वळू म्हणून ठेवू की चिमटा लावून खच्ची करू" आणि मागून काका बोलतायत, वहिनी बोलतायत, त्या गडबडीत नीट काही सांगून होईना, म्हणून आज जेवण झाल्यावर बसून लिहितोय. आधी माझं मत सांगतो. आत्ता चिमटा लावू नको. आणि वळू म्हणून कोणाला शब्दही देऊ नको. सात महिन्यांच्या पाड्यात फक्त दोष दिसतात, ते असले तर तो बाद, पण हा नक्की चांगला वळू होणार असं या वयात कोणी छातीठोक सांगत असेल तर त्याला तो विकत तरी घ्यायचाय नाहीतर विकायचाय.

फोटो बघितले, परत परत बघितले. देखणा आहे रे. नाकपुडीपासून शेपटीच्या गोंड्यापर्यंत पांढरा, पापण्यासुद्धा पांढऱ्या, आपल्या गोव्याच्या श्वेत कपिला गाईचीच खूण ती. जुने गोव्याच्या आयसीएआर या शेती संशोधन संस्थेवाल्यांनी अभ्यास केला, जनावरांच्या जाती नोंदवणाऱ्या कर्नालच्या ब्युरोने वेगळी जात म्हणून नोंद केली, तेव्हा मला भरून आलं होतं, कारण तोवर सगळे "गावठी" म्हणून मोकळे व्हायचे. पण नुसत्या रंगावर जाऊ नको. थारपारकरही पांढरीच असते. याचा बाप कोण ते आधी शोध, गावातला वळू की डॉक्टरांचं इंजेक्शन, म्हणजे कृत्रिम रेतन? इंजेक्शन असेल तर आईच्या कानातल्या पिवळ्या बिल्ल्यावर 12 आकडी नंबर आहे, त्यावर दवाखान्यात नोंद सापडायला हवी.

आता आईचं. मी कुठे पाडा बघायला गेलो की पहिला आईच्या मागे जाऊन उभा राहतो. पाडा स्वतः दूध देणार नाही, पण त्याच्या मुलींची कास बरीचशी त्याच्याकडून येणार आणि त्याच्यात ती आली आईकडून. चारही सड सारखे आहेत का, कास पोटाला धरून आहे की लोंबते, पिळताना लाथ मारते का, आणि दूध किती महिने टिकतं. आपल्या या गाई दिवसाला सरासरी अडीच-तीन लिटरच्या, फॅट मात्र पाचच्या वर, म्हणून तिच्याकडून दहा लिटरची अपेक्षा कोणी करत नाही. माझ्या मते दुधाइतकंच वेत बघायचं असतं. पेंढा आणि रानचारा खाऊन, जास्त पेंड न घालता जी गाय वेळेवर गाभण राहते आणि पावसाळ्यात आजारी न पडता उभी राहते तिचा पाडा मला हवा. तुझ्या या पाड्याची आजी तशी होती हे मला माहीत आहे, काकांनी तिच्या प्रत्येक वेताची तारीख वहीत लिहिलीय ना, ती वही जपून ठेव. आई मात्र पहिलारू आहे, तिचं दुसरं वेत बघितल्याशिवाय माझं मन भरणार नाही.

पाड्याच्या अंगात काय बघायचं ते सांगतो. दोन्ही आंड खाली उतरलेत का आणि सारखे आहेत का, हाताने चाचपून बघ. एकच उतरला असेल तर विषय तिथेच संपला, तो दोष पुढे मुलांत जातो. मग त्याला मागून चालताना बघ, सिमेंटवर नको, आपल्या जांभ्याच्या उतारावर चालव. गाईवर चढताना सगळं वजन मागच्या पायांवर येतं, तिथे गुडघे एकमेकांना घासत असतील किंवा पाय खांबासारखे सरळ असतील तर चार-पाच वर्षांत लंगडतो. आणि पोटाखालची कातडी फार लोंबायला नको, रानात काट्याझुडपांत ओरबाडते, मग जखम, मग सूज. वजनाला काटा नसला तरी चालतं, टेपने छातीचा घेर इंचात घे, घेर गुणिले घेर गुणिले अंगाची लांबी, भागिले 660, साधारण किलो येतात. दर महिन्याला लिहून ठेव आणि बरोबरच्या वासरांचंही लिही, नाहीतर जास्त दूध पाजून गुबगुबीत झालेला पाडा आपल्याला उगाच भारी वाटतो.

तो सासष्टी तालुक्यातला माणूस मान बघून भाव देऊन गेला म्हणालास, तो धिरयोसाठीच, म्हणजे बैलांच्या झुंजीसाठीच बघत असणार. 1996 मध्ये हायकोर्टाने बंदी घातली तरी चोरून चालतंच. त्याला देऊ नको दत्ता, कितीही देऊ दे. अंगावर येणारा बैल त्यांना हवा असतो, गोठ्यात बायकामाणसं काम करतात तिथे मला तो अजिबात नको. आणि मुलांना सांग, त्याच्या कपाळाला हात लावून ढकलाढकली खेळायची नाही. आज गंमत वाटते पण माणसाला टक्कर द्यायची सवय लागते, तोच तीनशे किलोचा झाला की जीवावर येतं.

आता जे सांगतो त्यावर तू थोडा नाराज होशील. तुझ्या गोठ्यात बहुतेक सगळ्या गाई त्याच आजीच्या वंशातल्या. तो कितीही चांगला निघाला तरी तुझ्याकडे चालणार नाही. मुलगा आईवर गेला तर वासरात रक्ताची जवळीक 25 टक्के, सावत्र बहिणीवर गेला तरी साडेबारा. मरतुकडी वासरं, गाभण न राहता उलटणाऱ्या गाई, हे सगळं त्यातून येतं. म्हणून आता लगेच त्याला कालवडींपासून वेगळा बांध, काही पाडे आपण समजतो त्यापेक्षा लवकर चढायला लागतात.

मला वाटतं तो इकडे सत्तरी तालुक्यात माझ्याकडे यावा आणि माझा करड्या शिंगांचा खोंड तुझ्याकडे कोरगावला जावा. माझा स्वार्थ आहे यात, उघड सांगतो, मला पाड्याच्या त्या आजीचं रक्त माझ्या गाईंत हवंय. पण आत्ता नाही. दीड वर्षाचा होऊ दे, तोवर आईचं दुसरं वेत कळेल. मग दोघांचीही ब्रुसेला (गाई गाभडवणारा रोग) आणि टीबीची टेस्ट करून घेऊ, माझ्याचीसुद्धा, ब्रुसेलाची लस कालवडींनाच देतात, पाड्यांना नाही, त्यामुळे टेस्टशिवाय पर्याय नाही. एक वळू आजारी निघाला तर अख्खा गोठा गाभडतो आणि कच्च्या दुधातून माणसांनाही होतो. मध्ये कधी त्याला जोराचा ताप आला तर तारीख लिहून ठेव, त्यानंतर दोनेक महिने त्याचं बी कमजोर असू शकतं, तेवढ्यावरून कोणी त्याला वांझ ठरवू नये.

खर्चाचं म्हणशील तर पेंढा मी पाठवतो, यंदा माझ्याकडे बराच उरलाय. काकांना माझा नमस्कार सांग आणि वहीतल्या त्या पानांचा फोटो पाठव, आजीच्या वेतांच्या तारखा मला नीट लावून बघायच्यात.

तुझा,
रघू