सोप्यातल्या पाच महिन्यांसाठी

तीर्थस्वरूप काकू यांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

सर गेले त्याला आता दीड महिना होईल. दिवसकार्याला मी आलो होतो, तुमच्याजवळ बसलोही होतो, पण बोलता काही आले नाही. घर माणसांनी भरलेले होते आणि तुम्हीच उलट मला "जेवल्याशिवाय जाऊ नकोस" म्हणत होता. त्या दिवशी राहून गेलेले आज लिहितो आहे. हे पत्र सर्वांना वाचता यावे असे मुद्दामच लिहिले आहे, कारण सरांच्या हाताखालून गेलेली मुले कुठे कुठे पोहोचली याची मोजदाद तुमच्याकडेही नसेल, आणि त्यांतल्या पुष्कळांना हेच म्हणायचे असेल.

सरांना नव्वद वर्षांचे आयुष्य लाभले. कोल्हापूर संस्थान १ मार्च १९४९ रोजी मुंबई राज्यात विलीन झाले, त्या वर्षी ते गावच्या शाळेत सातवीला होते आणि पुढच्या शिक्षणासाठी शहरात येऊन बोर्डिंगात राहिले. "मी बोर्डिंगचा पोरगा," असे ते अभिमानाने सांगत. राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ पासून एकेका समाजाच्या मुलांसाठी वसतिगृहे उभी राहू दिली, त्यांना जागा आणि पैसा दिला, १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत केले, आणि त्या हुकमामुळेच सरांचे वडील त्यांच्या घराण्यात पहिल्यांदा पाटी घेऊन शाळेत बसले. हे सर वर्गात इतिहास म्हणून सांगत नसत, घरची गोष्ट म्हणून सांगत. त्यामुळे खेड्यातली मुले आपल्या सोप्यात, म्हणजे घराच्या पुढच्या ओसरीत, आणून ठेवणे हे त्यांना उपकार वाटत नव्हते. ते म्हणत, "मला कुणीतरी आसरा दिला म्हणून मी शिकलो, तो आसरा पुढे द्यायचा असतो."

त्या सोप्यात मी १९८१ च्या दिवाळीनंतर आलो. तुम्हाला आठवत असेल, माझे वडील गुऱ्हाळावर चुलवाणात, म्हणजे काहिलीखालच्या मोठ्या चुलीत, चिपाड घालायचे काम करीत आणि हंगाम सुरू झाला की मीही त्यांच्याबरोबर जात असे. दिवाळी ते शिमगा हा गुळाचा हंगाम, आणि तोच दहावीच्या वर्षाचा ऐन काळ. नववीत गणितात मी कसाबसा पास झालो होतो. दहावीच्या सहामाहीत नापास झाल्यावर शाळा सोडायची असे घरी ठरलेही होते.

सरांनी मला त्याबद्दल एक शब्दही विचारला नाही. शेकडेवारीचा धडा चालू असताना त्यांनी मला फळ्यापाशी बोलावले आणि विचारले, "तुमच्या गुऱ्हाळावर शंभर किलो उसाला गूळ किती पडतो?" मी म्हणालो, दहा ते बारा किलो, उसावर अवलंबून. मग त्यांनी मला वर्गाला सगळे सांगायला लावले: रस काहिलीत कसा ओततात, रानभेंडीच्या रसाने मळी वर कशी येते, गुळव्या पाक झाला हे कशावरून ओळखतो, एका आधणाला किती वेळ लागतो. वर्गातली शहरातली मुले ऐकत होती. मी बोलून झाल्यावर सर इतकेच म्हणाले की याला शेकडेवारी येते, फक्त त्याला ती शेकडेवारी आहे हे ठाऊक नव्हते. काकू, वडिलांच्या कामाची लाज वाटणे त्या तासाला संपले. पुढे मी गणितात काय मिळवले यापेक्षा हे मला मोठे वाटते, आणि माझे पहिले आभार त्या तासासाठी आहेत.

त्याच शनिवारी सर एस. टी. ने आमच्या गावी आले. वडील चुलवाणासमोरून उठू शकत नव्हते, म्हणून सर त्यांच्या शेजारी धगीत बसले आणि तासभर बोलले. काय बोलले ते मला कधीच कळले नाही. रात्री वडिलांनी माझे अंथरूण बांधले.

मंगळवार पेठेतल्या तुमच्या घराच्या सोप्यात आम्ही चौघे राहात होतो. तुमची महापालिकेची शाळा सकाळची होती, त्यामुळे तुम्ही पहाटे चारला उठून भाकरी थापत होता आणि आम्हाला जाग यायची ती त्याच आवाजाने. तुम्ही साडेसहाला बाहेर पडला की पुढचे घर सरांकडे असे. वर्गात ज्यांच्या नजरेला आम्ही टरकत होतो ते सर दोन्ही मुलींना समोर बसवून त्यांच्या वेण्या घालत, भांग सरळ आला नाही तर सोडून पुन्हा घालत, आणि लाल रिबिनींची फुले दोन्हीकडे सारखी झाली आहेत की नाही हे मान वाकडी करून पाहात. त्या काळात असे करणारा बाप मी दुसरा पाहिला नव्हता. पुढे माझ्या मुलीच्या वेण्या मी घातल्या, ते कुठे शिकलो हे तिला सांगितले आहे.

रविवारी संध्याकाळी पाचनंतर मात्र सोपा बंद. परीक्षा आठवड्यावर आली असली तरी सर त्या वेळी कुणाचे गणित पाहात नसत. तुम्हाला आणि मुलांना घेऊन रंकाळ्यावर जात, संध्यामठासमोर बसत आणि अंधार पडल्यावर परतत. "रविवारी पाचनंतर मी यांचा आहे," असे त्यांनी आम्हाला पहिल्याच आठवड्यात सांगितले होते. तेव्हा ते मला कडक वाटले. आज वाटते, उरलेले सहा दिवस आपण घरच्यांच्या वाट्यातून काढून देतो आहोत याची त्या माणसाला पक्की जाणीव होती.

ही जाणीव मला एका रात्री आली, आणि हे पत्र खरे तर त्या रात्रीमुळे लिहितो आहे. तुमच्या धाकट्याची चौथीची शिष्यवृत्ती परीक्षा होती. सर आम्हाला भूमितीची प्रमेये समजावत होते, आणि तो पुस्तक छातीशी धरून माजघराच्या उंबऱ्यावर आपली पाळी यायची वाट पाहात बसला होता. वाट पाहता पाहता तो तिथेच झोपला. तुम्ही आलात, त्याला उचललेत, सरांकडे एकदा पाहिलेत आणि काही न बोलता आत गेलात. सर क्षणभर थांबले. मग त्यांनी प्रमेय पुरे केले, कारण आमची परीक्षा चार दिवसांवर होती. त्या मुलाचा तो तास मी घेतला, काकू. त्याचे आभार मी कधी मानले नाहीत आणि तुमचेही नाहीत. आज दोघांचे मानतो.

सरांनीच शिकवलेल्या रीतीने मी एकदा हिशेब मांडला. चार मुले, प्रत्येकाला दिवसाला चार भाकरी, सुमारे १४० दिवस. २२४० भाकरी होतात. त्यांतली एकही तुम्ही मोजली नसेल.

सर गणित आणि विज्ञान शिकवत, पण त्यांचे पुस्तक म्हणजे हे गाव होते. पावसाळ्यात पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पाणीपातळी ते रोज फळ्याच्या कोपऱ्यात फूट-इंचांत लिहीत. ३९ फुटांना इशारा, ४३ फुटांना धोका, आणि कालपासून आजपर्यंत किती वाढले याची वजाबाकी आम्ही करायची. किरणोत्सवाला ते आम्हाला अंबाबाईच्या देवळाच्या महाद्वारात नेत. मावळतीची किरणे नोव्हेंबरात ९, १० आणि ११ तारखेला व पुन्हा ३१ जानेवारी, १ आणि २ फेब्रुवारीला अंबाबाईपर्यंत पोहोचतात, पहिल्या दिवशी चरणांवर, दुसऱ्या दिवशी छातीवर, तिसऱ्या दिवशी मुखावर, हे आम्हाला लहानपणापासून माहीत होते. याच तारखा का, हे सरांनी विचारले. सूर्य सर्वांत दक्षिणेला असतो त्या २२ डिसेंबरपासून मागे १० नोव्हेंबरपर्यंत ४२ दिवस आणि पुढे १ फेब्रुवारीपर्यंत ४१ दिवस मोजून घेतल्यावर लक्षात आले की सूर्य दक्षिणेला जाताना ज्या जागी मावळतो, परत येताना जवळपास तितक्याच दिवसांनी पुन्हा तिथेच मावळतो. देवळात हात जोडून उभे असलेले सर आणि दिवस मोजायला लावणारे सर यांत आम्हाला कधी विसंगती दिसली नाही.

मी पाटबंधारे खात्यात नोकरीला लागलो ते त्या फळ्याच्या कोपऱ्यामुळेच. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगा ५५ फुटांच्या वर गेली, तेव्हा चौऱ्याऐंशी वर्षांचे सर मला दिवसातून दोनदा फोन करीत. "फूट सांग, इंचही सांग," म्हणत, आणि मग शिरोळकडच्या आपल्या सगळ्या जुन्या विद्यार्थ्यांना एकेक करून ती पातळी कळवत. बाहेर पडायला सांगत. कुणी ऐकले नाही तर त्याच्या बायकोशी बोलत.

शेवटच्या दोन वर्षांत त्यांना माणसांची नावे आठवत नव्हती. मी भेटायला आलो की ते तुमच्याकडे पाहात, तुम्ही माझे नाव सांगत, आणि ते म्हणत, "गुऱ्हाळ." तेवढे पुरत असे. चौसष्ट वर्षांच्या संसारात तुम्ही त्यांच्यासाठी पुष्कळ केलेत, पण त्या दोन वर्षांत आमच्यासाठीही केलेत: थकलेल्या अवस्थेतही घराचे दार कुणालाही बंद केले नाहीत.

एक विनंती आहे. मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात, सूर्य कोल्हापूरच्या बरोबर माथ्यावर येतो तेव्हा, सर तुमच्या परसात काठी रोवून आम्हाला उभे करीत. सावली नाहीशी होते ती बाराला नव्हे, साडेबाराच्या सुमारास, कारण आपले घड्याळ ८२.५ अंश रेखावृत्तावर चालते, कोल्हापूर ७४.२ अंशांवर आहे आणि प्रत्येक अंशाला चार मिनिटे लागतात. निवृत्तीनंतरही हा नेम चुकला नव्हता. या मेमध्ये आम्ही काही जण नातवंडांना घेऊन येऊ इच्छितो. काठी न्हाणीघराच्या मागे असते, ती कुणाला देऊ नका. स्वयंपाक करू नका. भाकरी आम्ही घेऊन येऊ, आणि त्या दिवशी तुम्ही आमच्याबरोबर पंगतीत बसा.

आपला,
सोप्यातल्या चौघांपैकी एक