कट्यारीचा मुक्काम परभणीतही पडू द्या

संपादक महोदय, स.न.वि.वि.

जुनं संगीत नाटक नव्या संचात आलं, की दौऱ्याच्या जाहिरातीत आमच्याकडची गावं शोधायची मला खोडच आहे. बहुतेक वेळा सापडत नाहीत.

'कट्यार काळजात घुसली' १९६७ साली रंगभूमीवर आलं. पुरुषोत्तम दारव्हेकरांचं लेखन, जितेंद्र अभिषेकींचं संगीत, गायक खाँसाहेबांच्या भूमिकेत वसंतराव देशपांडे. वसंतराव १९८३ मध्ये गेले. २०१० मध्ये नाटक पुन्हा उभं राहिलं, तेव्हा त्या भूमिकेत त्यांचे नातू राहुल देशपांडे होते. २०१५ च्या चित्रपटाने 'कट्यार' पुन्हा घराघरांत नेली, हे खरं. पण 'घेई छंद मकरंद' हे एकच पद नाटकातले दुसरे गायक पंडितजी संथपणे गातात आणि त्यांचे प्रतिस्पर्धी खाँसाहेब तानांनी पेटवतात. गायकीच्या दोन घराण्यांचं सगळं भांडण त्या दोन चालींत आहे. ते समोर बसूनच ऐकावं.

मागे इथल्या एका सभागृहात नाट्यपदांचा कार्यक्रम झाला. पंखे चालू ठेवले तर तंबोरा ऐकू येईना. शेवटी गायकाने ते बंद करायला लावले. मे महिना, त्यात परभणी! दोन तास घाम पुसत बसलो, पण उठलं कोणी नाही.

निर्मात्यांनो, संभाजीनगरपर्यंत येताच, तर पुढे परभणी-नांदेडलाही या. नेपथ्य निम्मं आणलंत तरी चालेल. ऑर्गन मात्र खरा आणा.

– एक नाट्यरसिक, परभणी