ओके ११

सांगली, रविवार रात्र

प्रिय दिल्या,

दिवाळीपासून ना फोन ना पत्र. शिव्या नंतर घाल, आधी वाच. तब्येत ठीक, आईचा गुडघा आहे तसाच.

ताईच्या ओंकारला कॉम्प्युटर जोडून देतोय. "सहा हजारांत बसव," म्हणाली. विश्रामबागेत नुसत्या जुन्या मदरबोर्डाचे अडीच हजार, आणि वॉरंटी दुकानाच्या पायरीपर्यंत! कुपवाड एमआयडीसीत ऑफिसवाले जुना माल काढतायत. ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला, अन् ११ ला इंटेलचे आठव्या पिढीआधीचे बहुतेक प्रोसेसर अधिकृतपणे चालत नाहीत. पण तिथं सगळा लॉट उचला म्हणतात. शेवटी मिरजेत स्टेशनजवळ भंगारात एच-६१ जातीचा जुना बोर्ड मिळाला. सातशेला. सॉकेटच्या पिना मोबाईलच्या उजेडात बघितल्या, एकही वाकडी नाही. इतका खूश की परतताना भजी खाल्ली.

घरी रॅम खोडरबरनं घासून लावली. कधी चालू होतो, कधी नुसताच पंखा गरगरतो. स्लॉटच्या फटीतून टाचणी फिरवली तर टोकाला पिवळट माती. खाली पितळ कळकल्यासारखा हिरवा थर. आणि मागच्या पोर्टांच्या पत्र्यावर मार्करनं, तुझ्या त्या कोंबडीच्या पायांच्या अक्षरात, 'ओके ११'.

आपलाच माल रे! २०१९ च्या पुरातला. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाला पाणी ५७ फुटांवर गेलेलं, मारुती रोडवरचं दुकान बुडालेलं, आणि आपण तुझ्या गच्चीवर बोर्ड पेट्रोलनं धुऊन पापडासारखे वाळत घातलेले. चौदा विकले. पुराचे म्हणून सांगून विकू, असं मी म्हणालो होतो. तू म्हणशील, "सांगू नको, असं तूच म्हणालास." ते भांडण राहू दे, पैसे निम्मे-निम्मे घेतले हे तरी दोघांना आठवतं.

आता याचं करू काय? ओंकारला देववत नाही. परत केला तर भंगारवाला दुसऱ्या कुणाच्या ओंकारला देणार. ताईला खरं सांगितलं तर ती आईला सांगणार, आणि मग गुडघ्यासकट सगळ्याला मीच कारण. बाकीचे तेरा कुठं असतील, याचा विचार करत काल दोन वाजेपर्यंत जागा होतो. तू हसशील. हस.

वास्तुशांतीला आलो नाही, चुकलंच. पोरीचे दहावीचे पेपर बरे गेले ना?

कुणाला कुठल्या नंबरचा बोर्ड दिला, ते तू लाल वहीत लिहायचास. ती वही आहे, की वहिनींनी रद्दीत घातली?

तुझा,
पक्या

ता. क. हे लिहिताना बोर्ड सलग दोन तास चालू आहे. हरामखोर!